मठाचा वाफा आणि परसातली बाग

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी हातात कागद घेऊन आल्या. घरामागे विहिरीच्या कडेला त्यांची चार हात जागा मोकळी होती. तिथे औषधी वनस्पतींची लहानशी बाग करावी असे त्यांच्या मनात होते. एका पुस्तकातून त्यांनी बत्तीस वनस्पतींची यादी उतरून घेतली होती आणि ती घेऊन तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या होत्या. यादीतील निम्मी रोपे कुठेच मिळाली नाहीत. मात्र रिकाम्या हाताने त्यांना कोणी परत पाठवले नाही. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळाले, ‘ते नाही, पण हे त्यासारखेच आहे.’ सीताअशोकाऐवजी रस्त्याच्या कडेला लावतात तो उंच, लांब पानांचा अशोक त्यांना देण्यात आला. ब्राह्मी म्हणून दोन दुकानांतून दोन वेगळी रोपे मिळाली. ‘फादर, यांतले खरे कोणते? आणि जे मिळत नाही, त्याच्या जागी दुसरे लावले तर चालते का?’ असा त्यांचा प्रश्न होता.

मी वैद्य नाही. त्यामुळे तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे काही दिवस जुनी पुस्तके चाळताना ध्यानात आले की, हा प्रश्न त्या भगिनीच्या आधी हजार-बाराशे वर्षे विचारला जात आला आहे. जागा थोडी, गरजा अनेक आणि हवी ती वनस्पती दूर देशी, अशा तिहेरी अडचणीत युरोपातील मठवासी सापडले होते, आपले वैद्य सापडले होते आणि गोव्यातील येशूसंघीय औषधशाळाही सापडली होती. त्यांनी काय निवडले, कशाच्या जागी काय वापरले आणि कुठे चूक केली, हे पाहिले तर आपल्या परसबागेलाही काही दिशा सापडेल.

सोळा वाफे

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या छत्तिसाव्या प्रकरणात आजाऱ्यांची सेवा साक्षात ख्रिस्ताची सेवा समजून करावी, असे सांगितले आहे. सहासष्टाव्या प्रकरणात मठाच्या आवारातच पाणी, जाते आणि बाग असावी, अशी तरतूद आहे. आजाऱ्याची सेवा आणि आवारातील बाग ही दोन कलमे एकत्र आली आणि त्यांतून मठाचा औषधी वाफा जन्मास आला. त्याच शतकात कॅसिओडोरस या विद्वानाने आपल्या मठातील बांधवांना वनस्पतींचे गुण शिकण्याचा, डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचण्याचा उपदेश केला. भरवसा मात्र औषधावर न ठेवता परमेश्वरावर ठेवा, असेही तो बजावतो.

या वाफ्याचे सर्वांत जुने चित्र स्वित्झर्लंडमधील संत गॅलन मठाच्या ग्रंथालयात आजही जपून ठेवलेले आहे. इ. स. 820 ते 830 च्या सुमारास रायखेनाउ येथील मठवासीयांनी चामड्यावर एका आदर्श मठाचा आराखडा रेखाटला. त्यात रुग्णालय व वैद्याचे घर यांच्या शेजारी औषधी बाग दाखवलेली आहे. तिच्यात मोजून सोळा वाफे आहेत. गुलाब, लिली, सेज, रोझमेरी, पुदिना यांच्या जोडीला आपल्या ओळखीची सताप, बडीशेप, जिरे आणि मेथीही त्यांत आहे.

हा सोळा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या आराखड्याच्या थोडे आधी, सन 800 च्या आसपास, शार्लमेन सम्राटाच्या दरबारातून राजमळ्यांविषयी एक आज्ञापत्र निघाले होते. प्रत्येक मळ्यात लावाव्यात अशा सत्तरांच्या आसपास वनस्पती त्यात सांगितल्या आहेत आणि फळझाडे निराळी. सम्राटाला जमिनीचा तोटा नव्हता, त्यामुळे त्याची यादी लांबली. मठवासीयाला रोज सकाळी आजाऱ्याच्या खाटेपाशी जायचे होते आणि त्याची यादी सोळावर थांबली. त्यानेही ज्ञात वनस्पतींची नावे वाचली असतील, पण जे ताजे लागते, जे हाताशी असावे लागते आणि जे तिथल्या थंडीत जगते, तेवढेच त्याने ठेवले. आणखी एक गोष्ट अशी की, आराखड्यात प्रत्येक वाफ्यात एकच वनस्पती आहे आणि प्रत्येक वाफ्यावर तिचे नाव लिहिलेले आहे. बाग लहान असली तरी तिच्यात संशयाला जागा ठेवलेली नाही.

त्याच रायखेनाउ मठात पुढे वालाफ्रिड नावाचे मठाधिपती होऊन गेले. सन 849 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आपल्या छोट्या बागेवर त्यांनी लॅटिन भाषेत एक काव्य लिहिले असून त्यात विसाहून अधिक वनस्पतींचे वर्णन आहे. खाजकुयलीसारख्या आग करणाऱ्या झुडपांनी व्यापलेली जमीन आपण कशी साफ केली, चिचुंद्रीसारख्या प्राण्यांची बिळे कशी मोडली, हे सारे त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. पुदिन्याच्याच जातीच्या एका वनस्पतीविषयी लिहिताना ते एक ऐकीव गोष्ट नोंदवतात : गॉल देशात हिंदुस्थानच्या काळ्या मिऱ्यांच्या राशीला जे मोल आहे, तेच मोल हिंदुस्थानातील जाणते लोक या साध्या पाल्याला देतात! आपल्याकडील कोणा वैद्याने तो पाला पाहिलाही नसेल. परंतु परसातील स्वस्त वनस्पतीला दूरदेशीच्या महाग वस्तूच्या तोडीस आणून बसवण्याची माणसाची धडपड किती जुनी आहे, हे त्यातून कळते.

एका नावाचा प्रवास

संत गॅलनच्या त्या सोळा वाफ्यांपैकी एकावर ‘कोस्तो’ असे नाव आहे. आपल्या दृष्टीने हा वाफा फार महत्त्वाचा आहे, कारण हे नाव मुळात आपल्या देशाचे आहे.

हिमालयाच्या उंच उतारांवर ‘कुष्ठ’ नावाची एक सुगंधी मुळांची वनस्पती उगवते. अथर्ववेदात तिला उद्देशून सूक्ते आहेत. हिमवंतावर जन्मलेली आणि तक्मन नावाच्या तापाला पळवून लावणारी अशी तिची थोरवी तिथे गायिली आहे. मराठीत तिला कोष्ठ किंवा उपलेट म्हणतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानात तिची मुळे मिळतात. हीच मुळे प्राचीन काळी व्यापाऱ्यांबरोबर रोमपर्यंत गेली आणि ‘कोस्तुस’ या नावाने तिथे महागड्या सुगंधी द्रव्यांत व औषधांत वापरली जाऊ लागली.

रोमन साम्राज्य खिळखिळे झाले, तेव्हा व्यापाराचे मार्ग अरुंद झाले. आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्या मठवासीयाला हिमालयातील मूळ कुठून मिळणार? त्यामुळे आराखड्यातील ‘कोस्तो’ म्हणजे खरा कोष्ठ नसून पश्चिम आशियातून आलेली, सुवासिक पानांची एक वेगळीच बागेतील वनस्पती असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. योगायोगाने दोघींचे कूळ एकच, सूर्यफुलाचे आहे. वास थोडा जुळला, नाव उसने मिळाले आणि परदेशी मुळाच्या जागी देशी पाला स्थिरावला. पुढे कित्येक पिढ्यांना आपल्या परसातली ही वनस्पती दुसऱ्या कोणाच्या नावाने वावरते आहे, याची कल्पनाही राहिली नाही.

यात मठवासीयाने काही पाप केले असे नाही. त्याच्याकडे जे होते त्यातून त्याने आजाऱ्याची सोय पाहिली. धोका निर्माण होतो तो पुढे. पर्याय हा पर्याय आहे हे विसरले जाते, तेव्हा खरी वस्तू कोणती हे सांगणाराच कोणी उरत नाही.

प्रतिनिधी आणि भेसळ

एका औषधाच्या अभावी दुसरे वापरण्याचे शास्त्र जगातील बहुतेक वैद्यकपरंपरांनी रचले. गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर अशा पर्यायांची एक यादी चालत आली. इ. स. 925 च्या सुमारास निवर्तलेल्या अल-राझी या थोर हकिमाने याच विषयावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. अरबीत अशा पर्यायाला ‘बदल’ म्हणतात. तोच शब्द आपल्या मराठीत रोजच्या वापरात आहे. मध्ययुगीन युरोपातील औषधविक्रेत्यांच्या ग्रंथांना जोडलेल्या अशा याद्यांना ‘क्विद प्रो क्वो’ म्हणत, म्हणजे ‘कशाच्या जागी काय’. आज हे शब्द वकील आणि राजकारणी देवाणघेवाणीच्या अर्थाने वापरतात. एके काळी ते औषधाच्या दुकानाचे शब्द होते.

आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्र यांनी ‘भावप्रकाश’ या ग्रंथात अभाव-प्रतिनिधी द्रव्यांची यादी दिली. मध न मिळाल्यास जुना गूळ घ्यावा, केशर न मिळाल्यास कुसुंभाची म्हणजे करडईची ताजी फुले घ्यावीत, तगर न मिळाल्यास कोष्ठ घ्यावा. युरोपात ज्या कोष्ठाला पर्याय शोधावा लागला, तो इथे स्वतःच दुसऱ्याचा पर्याय होऊन उभा आहे. च्यवनप्राशातील ‘अष्टवर्ग’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या आठ वनस्पती तर राजांनाही दुर्मीळ झाल्या आहेत, असे भावमिश्र स्पष्ट लिहितात आणि त्यांच्या जागी शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा व वाराहीकंद ही चार द्रव्ये सुचवतात. हिमालयातील त्या वनस्पती सामान्य वैद्याला मिळत नाहीत, ही गोष्ट लपवून ठेवावी असे त्यांना वाटले नाही. त्यांनी ती ग्रंथातच नोंदवली.

या शास्त्राला मर्यादाही घातलेल्या होत्या. प्रतिनिधी निवडताना त्याचा रस, वीर्य व विपाक मूळ द्रव्याशी जुळला पाहिजे. नुसते रूप किंवा नाव सारखे असून भागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, एखाद्या योगातील गौण द्रव्याला प्रतिनिधी चालतो, मुख्य द्रव्याला चालत नाही. ज्या द्रव्यावर औषधाचा सारा भार आहे, तेच मिळत नसेल तर त्या औषधाचा नाद सोडावा आणि दुसरे औषध पाहावे.

करडईच्या फुलाचेच उदाहरण घ्या. वैद्याच्या ग्रंथात ते केशराचा मान्य प्रतिनिधी आहे. बाजारात तेच फूल केशराच्या डबीत भरून केशराच्या भावाने विकले, तर ती भेसळ होते. फूल तेच आणि पाकळीही तीच असते. फरक इतकाच की, एका ठिकाणी सांगितलेले असते आणि दुसऱ्या ठिकाणी लपवलेले. प्रतिनिधी आणि भेसळ यांच्यामधली रेषा वनस्पतिशास्त्रात शोधून सापडत नाही; ती देणाऱ्याच्या जिभेवर असते.

गोव्यातील दोन धडे

आता कोष्ठाच्या वाटेने आपल्या किनाऱ्याकडे वळू. सन 1534 मध्ये गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळे धरतात, असे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. 1563 मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे हे संवाद आहेत. त्यात एक विद्वान पाहुणा युरोपातील पुस्तकांचे दाखले देतो आणि ऑर्टा त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मधूनच अंतोनिया नावाची दासी बागेतून प्रत्यक्ष वनस्पती आणून समोर ठेवते. वाद मिटतो तो बहुधा तिच्या हातातल्या डहाळीने.

त्यात एक संवाद कोष्ठावर आहे. अरबी, भारतीय आणि सीरियाचा असे कोष्ठाचे तीन प्रकार असल्याचे युरोपातील पंडित डायोस्कोरिडीसच्या आधाराने शतकानुशतके सांगत आले होते. ऑर्टा म्हणतो, प्रकार तीन नाहीत, वस्तू एकच आहे. गुजरातेत तिला ‘उपलोट’ म्हणतात, हेही तो नोंदवतो. आपल्या ‘उपलेट’ शब्दाचे हे सख्खे भावंड. पुस्तकावर विसंबून न राहता व्यापाऱ्याला, हकिमाला आणि वैद्याला विचारून खरे नाव शोधणे हे त्याने आयुष्यभर केलेले काम होते.

या प्रामाणिक माणसाचा शेवट मात्र आम्हा धर्मगुरूंना खाली मान घालून सांगावा लागतो. ऑर्टाचे घराणे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंपैकी होते. 1568 मध्ये तो मरण पावला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले, आणि 1580 मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळण्यात आली. वनस्पतींची खरी नावे उजेडात आणणाऱ्या माणसाला स्वतःच्या पूर्वजांचे नाव मनात दडपून जगावे लागले. ते भय त्याच्यावर ज्यांनी लादले, ते आपलेच लोक होते.

त्याच काळात, 1567 च्या गोवा प्रांतीय धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी अख्रिस्ती वैद्यांकडे जाऊ नये, असा निर्बंध घातला. प्रत्यक्षात काय घडत होते? गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून 1583 ते 1588 या काळात तिथे राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन लिहितो की, व्हाइसरॉय, स्वतः आर्चबिशप आणि मठवासीसुद्धा स्वकीयांपेक्षा हिंदू वैद्यांवरच अधिक विसंबत. 1618 मध्ये शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसपर्यंत मर्यादित करण्यात आली. म्हणजे त्यांच्यावाचून चालत नाही, हेच सरकारनेही मान्य केले. निर्बंध कागदावर राहिले आणि आजाऱ्याची वाट वैद्याच्या दाराकडेच जात राहिली.

दुसरा धडा येशूसंघीयांच्या औषधशाळेचा आहे. इराणातील बकऱ्याच्या पोटात सापडणारा ‘बेझोआर’ नावाचा खडा सर्व विषांवर उतारा मानला जाई. तो फार दुर्मीळ होता. तेव्हा गास्पार अंतोनियो या फ्लोरेन्सहून आलेल्या बंधूने पोवळे, शंखशिंपले, कस्तुरी, अंबर, माती वगैरे घटकांपासून एक कृत्रिम खडा तयार केला. ‘गोव्याचा खडा’ या नावाने तो युरोपभर पसरला. इंग्रज वैद्य फ्रायर याने 1672 ते 1681 या काळात पूर्वेकडे प्रवास केला. हा खडा संस्थेला दरवर्षी पन्नास हजार शेराफिन मिळवून देतो आणि त्याचा कर्ता आता वृद्ध व जवळजवळ अंध झाला आहे, असे तो नमूद करतो. सेवेसाठी शोधलेला पर्याय व्यापाराची वस्तू झाला. मग त्या पर्यायाचीही नक्कल झाली. मुळात बेझोआरच विषावर उपयोगी नव्हता, तर त्याच्या प्रतिनिधीत तो गुण कुठून येणार? मूळ वस्तू तपासल्याशिवाय प्रतिनिधी शोधणे व्यर्थ आहे, हा त्या सोनेरी मुलाम्याच्या खड्याचा धडा आहे.

या दोन्हींवर उतारा म्हणावे असे काम पुढे मलबारात झाले. डच अधिकारी व्हान रीड याच्या पुढाकाराने 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. व्हान रीड प्रॉटेस्टंट होता. आरंभीची रेखाटने करणारे फादर मॅथ्यू हे कार्मेलाइट मठवासी होते. ज्ञान देणारे प्रमुख वैद्य इट्टी अच्युदन हे तेव्हा अस्पृश्यवत मानल्या जाणाऱ्या एळवा समाजाचे होते, आणि त्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. या तिघांनी 1675 मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेले कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. चित्रांवर एकाच वनस्पतीचे नाव निरनिराळ्या लिप्यांत कोरलेले आहे. एका रोपाचे नाव खरे ठरवण्यासाठी चार समाजांची माणसे एकत्र बसली होती.

जवळच्या काळातील एक दुर्घटना

हे सारे जुने झाले, आता शास्त्र पुढे गेले आहे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी बेल्जियममधील एक घटना सांगतो. 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारासाठी चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्यांत ‘फांग ची’ नावाचे एक मूळ असायला हवे होते. चिनी बाजारात त्या नावाच्या एकाहून अधिक वनस्पती विकल्या जातात. गोळीत हव्या त्या वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच वनस्पती आली. 1993 मध्ये हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या कुळातील वनस्पती असलेल्या औषधांना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्यांच्या यादीत घातले.

हेच कूळ आपल्या कोकणातही आहे. सापसण किंवा ईश्वरी या नावाने ओळखला जाणारा वेल त्यातलाच. आपल्या आज्यांनी तो पोटदुखीवर उगाळून दिला असेल. युरोपातील जुन्या मठांच्या बागांतही याच कुळातील एक झुडूप प्रसूतीच्या वेळी देण्यासाठी लावत. त्यांनी ते चांगल्या हेतूनेच दिले. पण मूत्रपिंडाला होणारी इजा वर्षांनी दिसते आणि तिचा संबंध त्या काढ्याशी कोणी जोडू शकत नव्हते. परंपरा जुनी आहे एवढ्यावरून एखादी वनस्पती निर्धोक ठरत नाही. सापसण फुलपाखरांसाठी अवश्य लावावी, कारण काही सुंदर फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावरच वाढतात. पोटात मात्र घेऊ नये.

चार हात जागेसाठी

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे परत येतो. इतिहासाने जे शिकवले त्यावरून तीन गोष्टी सांगता येतील.

पहिली गोष्ट निवडीची. सम्राटाची यादी समोर न ठेवता मठवासीयाची ठेवावी. जे ताजेच उपयोगी पडते, आपल्या हवेत फारशी निगा न घेता जगते आणि ज्याची आपल्याला निर्विवाद ओळख आहे, तेवढेच लावावे. आपल्या किनारपट्टीवर तुळस, अडुळसा, आले, हळद, गवती चहा, पुदिना, पानओवा आणि कोरफड एवढ्यांनी चार हात जागा भरून जाते. अडुळसा कुंपणाला लावला तर गुरे त्याला तोंड लावत नाहीत. पुदिना मात्र कुंडीत ठेवावा, नाहीतर तो शेजाऱ्याचा वाफा बळकावतो. कोष्ठासारखी हिमालयातील वनस्पती इथे रुजत नाही. अतितोडीमुळे ती आज धोक्यात आली असून 1985 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. तिची मुळे लागलीच, तर ती वैद्याच्या सल्ल्याने, लागवडीतून आलेली घ्यावीत.

दुसरी गोष्ट पर्यायाची. स्वयंपाकघरातील साध्या उपयोगात पर्याय खुशाल चालावा. ओव्याचे दाणे नसतील तर पानओव्याची दोन पाने चालतात. दोन्हींचा गंध जवळजवळ सारख्याच द्रव्यांचा आहे. हिमालयातील किराईत न मिळाल्यास कोकणात ओले किराईत वापरण्याची जुनी चाल आहे आणि तिचे नावच वेगळेपण सांगते. मात्र जिथे रोग गंभीर आहे आणि त्या एका वनस्पतीवरच सारी भिस्त आहे, तिथे भावमिश्रांचा नियम पाळावा : मुख्य द्रव्याला प्रतिनिधी नाही. उंच अशोकाची साल सीताअशोकाचे काम करत नाही. ती दोन अगदी वेगळ्या कुळांची झाडे आहेत.

तिसरी गोष्ट नावाची. ब्राह्मी म्हणून मिळालेल्या त्या दोन रोपांपैकी एक, लहान जाड पानांचे आणि ओलसर जागी पसरणारे, ते जलब्राह्मी होते. दुसरे, बेडकाच्या पायासारख्या गोल पानांचे, ते मंडूकपर्णी होते. महाराष्ट्रात दुसऱ्यालाच ब्राह्मी म्हणण्याची रीत आहे. दोन्ही चांगली आहेत, पण दोन्ही एक नव्हेत. गुळवेलीच्या बाबतीत तर सावधगिरी अधिक हवी. 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी लिहिले. त्यावर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, गाठाळ खोडाच्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. वाद कोणताही असो, घरच्या वेलीचे नाव जाणकाराकडून पक्के करून घेतल्याशिवाय आणि डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तिचा काढा रोज घेऊ नये.

मी त्या भगिनींना एवढेच सांगितले. त्यांनी बत्तीस नावांची यादी बाजूला ठेवली आणि आठ रोपे लावली. संत गॅलनच्या आराखड्याची हकिकत त्यांना विशेष आवडली असावी, कारण प्रत्येक रोपापाशी त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर नाव रंगवून खोचले आहे. ब्राह्मीच्या जागी दोन पत्रे आहेत, एक जलब्राह्मीचा आणि एक मंडूकपर्णीचा. विहिरीच्या बाजूचा कोपरा अजून मोकळा आहे. तिथे सीताअशोक लावायचा त्यांचा विचार आहे. परवा रोपवाटिकेतून पुन्हा निरोप आला होता की, दुसरे त्यासारखेच एक झाड आले आहे. त्यांनी कळवले, ‘सारखे नको. तेच आले तर सांगा. तोवर जागा तशीच राहू द्या.’